पोस्टरवरचा नंबर

तय्यब : परत सांग. पहिल्यापासून. फोन कधी आला, कुठून आला, काय बोलला. एक शब्द सोडू नकोस.

तुकाराम : गुरुवारी आला, तय्यबभाई. दुपारच्या ब्रेकमध्ये. आम्ही शेडच्या सावलीत जेवत होतो. लँडलाईनचा नंबर होता, मला वाटलं बँकवाला असेल, क्रेडिट कार्ड घ्या म्हणून मागे लागतात तसला. उचलला तर आधी अरबीत बोलला, मग हिंदीत. माझं पूर्ण नाव घेतलं. वडलांच्या नावासकट. अकरा वर्षं झाली मला इथे अबूधाबीत, मुसफ्फाच्या लेबर कॅम्पात, आमच्या कंपनीत कोणाला माझ्या वडलांचं नाव माहीत नाही.

तय्यब : पुढे.

तुकाराम : म्हणाला, सरकारी ऑफिसातून बोलतोय, काजू फॅक्टरीच्या मदतीचं एक पोस्टर फिरतंय, त्यावरचा नंबर तुझाच ना. मी हो म्हटलं. फोन मीच उचललेला, नाही कसं म्हणणार? मग म्हणाला, सोमवारी सकाळी नऊला ये, एमिरेट्स आयडी आण. पत्ता मेसेजवर पाठवला. आवाज जराही चढवला नाही त्याने. त्याचीच भीती बसलीय मला. कॅम्प बॉस आईवरून शिव्या देतो तेव्हा कळतं की हा दहा मिनिटांत विसरणार. हा माणूस सावकाश बोलत होता. मध्ये मध्ये थांबत होता. लिहून घेत असणार.

तय्यब : सोमवार म्हणजे उद्या.

तुकाराम : उद्याच.

तय्यब : आणि मला आज सांगतोयस. तीन दिवस काय करत होतास?

तुकाराम : फोनवर कसं सांगू? फोन ऐकत असतील तर? शुक्रवार-शनिवार ड्युटी होती, सुट्टी आजची. सकाळी पहिली बस धरली नि आलो.

अजरा : त्यांना आधी पाणी तरी पिऊ द्या. तुकारामभाऊ, नीट मागे सरकून बसा, असे टोकावर बसलाय, पडाल. कसलं पोस्टर? आपलं ते ड्रायरचं?

तय्यब : अजरा, तू आत जा.

अजरा : का बरं? पोस्टर मी बनवलंय. दोन संध्याकाळी बसले होते त्याच्यावर. फोटो पण मीच निवडला, यांच्या मुक्ताबाईंचे हात नीट दिसतात म्हणून. खारवेलीच्या काजू युनिटला ड्रायर पाहिजे, सव्वीस बायांचं काम बंद पडलंय, जमेल तेवढं द्या. एवढंच लिहिलं होतं मी. त्यात वाईट काय आहे?

तय्यब : वाईट नाही. गुन्हा आहे. इथे लायसन्सवाल्या संस्थेशिवाय कोणालाही लोकांकडून वर्गणी गोळा करता येत नाही. मशिदीसाठी नाही, शाळेसाठी नाही, आजाऱ्यासाठी नाही. ड्रायरसाठी पण नाही.

अजरा : तुम्ही लोक इतकी वर्षं देताच की गावच्या फाउंडेशनला.

तय्यब : ते वेगळं. आम्ही सतरा जण आहोत गावचे, आपापल्या खात्यातून पाठवतो. आपला पगार, आपलं गाव. कोणाकडे मागत नाही. पोस्टर काढलं की ते मागणं झालं.

तुकाराम : मला हे ठाऊक नव्हतं हो. आपल्याकडे गणपतीला नाही का पावतीबुक घेऊन घरोघर जातात? उरुसाला तुमची पोरं येतात आमच्या वाडीत, आम्ही देतो. मला वाटलं, चांगल्या कामाला काय, तसंच. म्हणून तर मी डबा ठेवला.

तय्यब : कसला डबा?

तुकाराम : बिस्किटांचा, पत्र्याचा. रिकामा झाला होता. झाकणाला ग्राइंडरने चीर पाडली, कडा घासून घेतल्या, कोणाचा हात कापायला नको. वर तुमचं पोस्टर प्रिंट काढून चिकटवलं आणि मेसच्या टेबलावर ठेवला, लोणच्याच्या बरणीशेजारी.

तय्यब : डबा ठेवायला कोणी सांगितलं होतं तुला? मी म्हटलं होतं की गावची पोरं तुझ्याकडे देतील ते घेऊन ठेव.

तुकाराम : कॅम्पात गावची पोरं किती, नऊ. नऊ जणांत ड्रायर कुठून येणार? डबा ठेवला तर सगळेच टाकायला लागले. बंगाली, नेपाळी. एक पठाण ड्रायव्हर आहे, त्याने शंभर टाकले. फोटोतले ते काळे झालेले हात बघत उभा राहिला आणि म्हणाला, माझी आई अक्रोड फोडायची, तिचे असेच होते. मग नीलेशला, माझ्या रूममेटला, उत्साह आला. त्याने पोस्टर कुठल्याशा मोठ्या ग्रुपवर टाकलं, चार हजार माणसं आहेत त्यात. फोन आल्यापासून तो घाबरलाय. भिंतीकडे तोंड करून झोपतो.

अजरा : किती जमले?

तुकाराम : चार हजार दोनशे दिरहॅम.

अजरा : म्हणजे आपले लाखभर रुपये.

तुकाराम : एक दिरहॅम इकडचा तिकडे नाही, भाभी. मोजा पाहिजे तर. आणलेत मी.

तय्यब : काय आणलंस?

तुकाराम : डबा. या पिशवीत आहे.

तय्यब : इथे आणलास? माझ्या घरात? तुझ्या नावाने फोन येतो, बोलावणं येतं, आणि तू डबा उचलून माझ्या हॉलमध्ये आणून ठेवतोस?

तुकाराम : कॅम्पात कुठे ठेवू? कपाटाला कुलूप आहे पण चावी सगळ्यांना लागते. गेले असते तर चोर मीच ठरलो असतो.

तय्यब : बेल वाजली. कोण आहे? अजरा, थांब. उघडू नको. आधी बघ.

अजरा : दाराच्या भिंगातून काही दिसत नाही, तुम्हाला माहीत आहे.

तय्यब : तुकाराम, ती पिशवी घे आणि बेडरूममध्ये जा. दार लावून घे. अरे जा ना.

अजरा : पाण्याच्या बाटल्या आणणारा आहे. मीच सकाळी फोन केला होता. तुकारामभाऊ, या बाहेर. या हो. तुम्ही बसा, मी पाणी आणते परत. बघा, पिशवी अजून उराशी धरलीय तुम्ही. आणि यांनी खुर्चीची पाठ.

तय्यब : मी नाही धरली.

अजरा : बरं.

तय्यब : तुकाराम, नीट ऐक. फोनवर त्याने अजून काय विचारलं? नावं विचारली? तुझ्याबरोबर कोण आहे, पोस्टर कोणी केलं?

तुकाराम : विचारलं.

तय्यब : मग?

तुकाराम : मी म्हटलं कोणी नाही. मी एकटाच. पोस्टर पण मीच केलं म्हटलं.

तय्यब : असं म्हणालास?

तुकाराम : तोंडातून निघून गेलं. भाभीचं नाव कसं घेऊ तिथे? आणि तुम्ही मला इथे आणलंत. व्हिसा तुम्ही मिळवून दिलात, पहिले तीन महिने तुमच्या घरून डबा यायचा. तुमचं नाव जिभेवर आलं नाही.

तय्यब : बरं केलंस. म्हणजे, ठीक आहे. शांतपणे विचार करू. तू साधा वेल्डर आहेस, शिकलेला नाहीस, तुला कायदा माहीत नव्हता. हे ते लोक समजून घेतात. डबा जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेव. माफी माग. दंड झाला तर आम्ही सतरा जण भरू. तुझं प्रकरण लहान आहे. माझं नाव आलं तर ते मोठं होईल. मी फोरमन, माझ्यामागे फाउंडेशन, वर्षानुवर्षं गेलेले पैसे, ते सगळं खणत बसतील.

अजरा : तुम्हाला हायसं वाटलं.

तय्यब : काय?

अजरा : आत्ता. तुकारामभाऊ म्हणाले मी एकटाच म्हणून सांगितलं, आणि तुमचे खांदे खाली आले. भाऊ आल्यापासून पहिल्यांदा. मी बघितलं.

तय्यब : काहीतरी बोलू नको.

अजरा : एक विचारू? पोस्टरवर मी आधी तुमचा नंबर घातला होता. तुम्हीच काढायला लावलात. म्हणालात, माझा फोन कंपनीचा आहे, तुकारामचा घाल, तो कॅम्पात असतो, पोरांना सोपं पडेल. मी घातला. खरं कारण तेच होतं?

तय्यब : हो, तेच होतं. दुसरं काय असणार? अगं, त्या बाईने आधीच तीन महिने थांबा म्हणून सांगितलेलं, आणि तिकडून गावच्या फाउंडेशनचे नूरुद्दीन चाचा दिवसाआड फोन करतायत...

अजरा : कुठली बाई?

तय्यब : कोणी नाही.

अजरा : कोणत्या बाईने तीन महिने थांबायला सांगितलं?

तय्यब : फेब्रुवारीत गेलो होतो मी. इथल्या एका फाउंडेशनच्या ऑफिसात. लायसन्सवाल्या. आमचे साहेब म्हणाले होते, ती माणसं बाहेरच्या देशातल्या कामाला पण मदत करतात, कायद्याने होतं सगळं. बाई फार चांगली होती. कहावा पाजला. तासभर ऐकून घेतलं. आपल्या फाउंडेशनचं कर्ज बाया फेडतात कशा, फेडलेल्या पैशातून पुढच्या वाडीला मशीन जातं कसं, सगळं विचारलं. म्हणाली, दान मागायला रोज शंभर जण येतात, धंदा उभा करायला मागणारे कमी. अर्ज करा म्हणाली. तपासणीला तीन महिने लागतील. आणि तोपर्यंत कोणाकडून एक दिरहॅमही गोळा करू नका, म्हणाली. हिंदीत समजावलं. वर कागद दिला.

अजरा : कागद कुठे आहे?

तय्यब : गाडीत.

अजरा : म्हणजे तुम्हाला माहीत होतं.

तय्यब : अर्ज भरायला घेतला होता मी. अर्धा झाला होता. तेवढ्यात तिकडे ड्रायर जळला. बायांनी कर्ज काढून चाळीस पोती काजू भरलेली, अर्धी फोडून झालेली, गर ओला. सुकला नाही तर साल निघत नाही, आणि थोड्या दिवसांत बुरशी धरते. चाचा फोनवर रडले, अजरा. सत्तर वर्षांचा माणूस. म्हणाले, हे युनिट या वर्षी बसलं तर परत कोणी बाई फाउंडेशनच्या दारात यायची नाही. तीन महिने कसा थांबू?

अजरा : ते मी विचारतच नाही. घाई होती, मान्य. मी पण पोस्टर केलंच असतं. मी विचारते ते एवढंच की धोका आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. म्हणून तुमचा नंबर काढलात आणि यांचा घातलात.

तुकाराम : भाभी, राहू दे.

अजरा : नाही भाऊ, बोलू द्या त्यांना.

तय्यब : हो. म्हणूनच घातला. मला वाटलं काही होणार नाही. शंभर लोक पोस्टर टाकतात, कोण बघतं? आणि झालंच तर, मला वाटलं, वेल्डरला समज देऊन सोडतील. माझ्या व्हिसावर तू आहेस, सुमैय्या आहे. तिची नववी चालू आहे. माझ्या पगारावर दोन घरं चालतात. त्याच्या व्हिसावर तो एकटा आहे. मी हिशोब केला. बस. आता म्हण काय म्हणायचं ते.

अजरा : मला काही म्हणायचं नाही. ते समोर बसलेत, त्यांना सांगा.

तुकाराम : मला काय सांगायचंय, भाभी? मला कळलं. खरं सांगू का, थोडं आधीच वाटलं होतं. वेल्डिंगवाल्याचा नंबर पोस्टरवर कोण घालतं? पण मला बरं वाटलं होतं तेव्हा. माझा नंबर छापला म्हणून मी तो फोटो बायकोला, मुक्ताला पाठवला. तिने युनिटमध्ये सगळ्या बायांना दाखवला.

तय्यब : तुकाराम...

तुकाराम : मी भांडायला आलो नाही. उद्या तुम्ही सांगाल तसंच सांगेन. मी एकटाच होतो, मला कायदा माहीत नव्हता. तुमचं नाव घेणार नाही, भाभीचं तर नाहीच. मला फक्त एक चिठ्ठी पाहिजे.

तय्यब : कसली चिठ्ठी?

तुकाराम : की तुकारामने फाउंडेशनच्या पैशाला हात लावला नाही. एवढंच. मराठीत, तुमच्या हाताने, खाली सही.

तय्यब : चिठ्ठी कशाला पाहिजे? मी चाचांना फोन करून सांगतो.

तुकाराम : तोंडी नको. आमच्या वाडीतल्या बाबल्याच्या थोरल्याला दोन वर्षांपूर्वी परत पाठवला, तुम्हाला आठवत असेल. का पाठवला ते आजपर्यंत कोणाला माहीत नाही. बिचारा सांगतो, कंपनी बुडाली. कोणी ऐकत नाही. चोरी केली असणार, असंच म्हणतात. त्याच्या पोरीचं जमलेलं लग्न मोडलं. मला जेलची भीती वाटते, नाही असं नाही. पण जेलमध्ये निदान मी असेन. गावात मुक्ता आहे.

अजरा : तिला सांगितलंत?

तुकाराम : नाही. कसं सांगू? भाभी, युनिटच्या कपाटाची चावी तिच्याकडे असते. बायांचे हप्ते तिच्याकडे जमतात. सव्वीस बायांनी हात वर करून तिला निवडलं. आधी ती दुसऱ्याच्या कारखान्यात टरफलं फोडायला जायची, तिथे घरी सोडायच्या आधी तिचे कपडे तपासायचे, गर चोरला का म्हणून. आता तिच्या कमरेला चावी आहे. उद्या मला विमानात बसवला आणि गावात बातमी गेली की मदतीचा डबा तुकारामकडे होता आणि त्याला पोलिसांनी धरलं, तर चावी तिच्या कमरेला राहील का? काढून घ्यायची पण गरज नाही. ती स्वतःच देऊन टाकेल. आणि परत टरफलं फोडायला जाईल.

तय्यब : सही म्हणजे पुरावा, तुकाराम. माझ्या हातचा कागद तुझ्या खिशात सापडला तर मी संपलो. तू उद्या माझं नाव घेणार नाहीस, पण तो कागद घेईल.

तुकाराम : खिशात नाही ठेवणार. गावी पाठवेन.

तय्यब : फोनवर पाठवलास तरी तेच.

अजरा : मी लिहून देते. पोस्टर माझं आहे.

तय्यब : तू काही लिहायचं नाहीस.

अजरा : मग तुम्ही लिहा.

तय्यब : खलास. आता नको. डोकं चालत नाही माझं. तुकाराम, तू कॅम्पात जा, जेव, झोप. उद्या सकाळी आठला गेटवर थांब, मी सोडतो तुला तिथे. डबा घेऊन जा. नाही, थांब. डबा राहू दे. नाही, घेऊन जा.

तुकाराम : नक्की काय करू?

अजरा : राहू दे तो इथे, भाऊ. कपाटात ठेवते मी. जाताना हे चार पराठे घेऊन जा, नीलेशला पण द्या. त्याला म्हणावं, भिंतीकडे बघून काही होत नाही.

तय्यब : गेला?

अजरा : गेले. खाली उतरताना कठड्याला धरून उतरत होते. चाळिशीचा माणूस.

तय्यब : तू मला भित्रा समजतेस.

अजरा : समजत नाही, आहातच. मी पण आहे. मघाशी पराठे करताना सुमैय्याच्या ट्यूशनच्या बाईंचा फोन आला, सहज विचारलं, सुट्टीत इंडियाला जाणार का, तर माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हे घर, तिची शाळा, एकोणीस वर्षं. एका दिवसात बॅगा भरायला सांगितल्या तर मी काय भरू तेच सुचत नाही.

तय्यब : मग तरी मी सही करावी असं म्हणतेस.

अजरा : मी काही म्हणत नाही. तुमच्याकडे बघून एकच वाटलं. उद्या समजा काही झालं नाही. समज देऊन सोडलं त्यांना. किंवा पाठवलं परत, आणि आपल्याकडे कोणी आलंच नाही. तुम्ही ड्युटीवर जाल, सुमैय्या शाळेत जाईल, पुढच्या रमजानला गावी जाऊ. रस्त्यात मुक्ताबाई भेटतील. त्या नेहमीप्रमाणे विचारतील, कधी आलात, पोरगी बरी आहे ना. मला त्या क्षणाची जास्त भीती वाटते.

तय्यब : आपण त्यांना मदत करत होतो, अजरा. मी काही स्वतःसाठी केलं नाही.

अजरा : माहीत आहे मला. म्हणून तर रडू येतंय.

(सोमवार सकाळ, साडेआठ. त्या ऑफिससमोरच्या पार्किंगमध्ये तय्यबची गाडी. डबा तुकारामच्या मांडीवर.)

तुकाराम : हीच बिल्डिंग?

तय्यब : हीच. अजून अर्धा तास आहे. बस. एसी लागतोय का?

तुकाराम : लागत नाही. म्हणजे, ठीक आहे. नीलेशने शर्ट दिला त्याचा, इस्त्री करून. म्हणाला, चांगल्या शर्टात गेलं की जरा बरं बोलतात.

तय्यब : झोपलास का?

तुकाराम : थोडा. पहाटे मुक्ताशी बोललो. तिला काही सांगितलं नाही. ती म्हणाली, बुरशी धरलेला गर वेगळा काढला, उरलेला बेकरीवाल्याच्या भट्टीत सुकवतायत. पाव काढून झाले की भट्टी कोमट असते, तेव्हा ट्रे लावतात. पाळ्या केल्यात. युनिटातली हमीदा आणि ती एका पाळीत. निम्मा माल वाचेल म्हणाली. तिच्या आवाजात भीती नव्हती, त्यानेच मला जास्त भीती वाटली.

तय्यब : हे घे.

तुकाराम : काय आहे?

तय्यब : वाच.

तुकाराम : चष्मा नाही आणला. तुम्हीच वाचा.

तय्यब : मी, तय्यब, राहणार खारवेली, सध्या अबूधाबी, लिहून देतो की काजू युनिटच्या ड्रायरसाठी पैसे गोळा करायची कल्पना माझी होती. इथल्या कायद्याप्रमाणे तसं करता येत नाही, हे मला सांगितलेलं होतं. तुकारामला माहीत नव्हतं. पोस्टरवर त्याचा नंबर मी घातला, माझा नंबर येऊ नये म्हणून. जमलेले पैसे त्याने जसेच्या तसे ठेवले आहेत, ते मी स्वतः मोजले आहेत. मुक्ताबाईंकडे युनिटची चावी आहे ती तशीच राहावी. खाली सही आहे. तारीख आहे.

तुकाराम : एवढं कशाला लिहिलंत? मी फक्त पैशाचं म्हणालो होतो.

तय्यब : लिहायला बसलो आणि नुसतं पैशाचं लिहिता येईना. तीनदा लिहून फाडलं.

तुकाराम : हा कागद इथे कोणाला सापडला तर?

तय्यब : फोटो काढून पहाटेच चाचांना पाठवला. आता तो सगळ्या गावाकडे असेल. चाचांच्या पोटात काही राहत नाही.

तुकाराम : भाभी काय म्हणाल्या?

तय्यब : तिने चिठ्ठी वाचली. फजरच्या नमाजनंतर खाली जाऊन गाडीतला त्या बाईचा कागद आणला, माझ्या पिशवीत ठेवला, अर्धा भरलेला अर्ज ठेवला, औषधं ठेवली. बीपीच्या गोळ्या आठ दिवसांच्या. मी विचारलं, आठ दिवसांच्या कशाला? तर म्हणाली, असू द्या. मग सुमैय्याच्या शाळेची बस आली.

तुकाराम : औषधं तुमच्या पिशवीत कशाला?

तय्यब : तुला एक सांगू? मला खूप भीती वाटतेय. एकोणीस वर्षांत इतकी वाटली नव्हती. सतराव्या मजल्यावर मचाण हललं होतं तेव्हाही नाही. बघितलंस ना, येताना दोन वळणं चुकलो.

तुकाराम : पाणी घ्या. तुम्ही जा तय्यबभाई, खरंच. चिठ्ठी दिलीत, माझं काम झालं. तुमची ड्युटी चुकेल. गेटवर तो माणूस बघतोय आपल्याकडे. मी जातो आत. डबा या हातात धरू की पिशवीत ठेवू?

तय्यब : हातात धर. लपवून नेल्यासारखं दिसायला नको.

तुकाराम : बरं. येतो मग. तुम्ही फोनमध्ये काय करताय? भाभीला मेसेज?

तय्यब : पार्किंगचे पैसे भरत होतो.

तुकाराम : आता पार्किंग कशाला? मी उतरलो की निघणार ना तुम्ही?

तय्यब : दिवसभराचं भरलंय. मागच्या सीटवरची माझी पिशवी दे, आणि चल.